वरची कडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि देवाला तर नाहीच. त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात, तर असू दे ठाऊक. आज लिहायला बसले, तेही चारदा उठून. एकदा कुकर बघायला उठले आणि तीनदा दाराची कडी. आमच्या घरात माझ्या या कडी बघण्याची सगळे थट्टा करतात. पोलीसबाई ना, चोराची भीती तिला नाही तर कुणाला, असं आमचे हे म्हणतात. मी हसून सोडून देते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे त्यांना कुठे माहीत आहे?

तर... कुठून सुरू करू?

आधी मी कोण ते सांगते. मी बेंगळुरूच्या पोलिसात हेड कॉन्स्टेबल आहे. घर चामराजपेटला. आमचे लोक इथे कधी आले ते आमच्यातल्या कुणालाच धड सांगता येत नाही. राजांच्या फौजेबरोबर आलो, असं वडील छाती फुगवून सांगायचे. आई म्हणायची, फौजेबरोबर नाही, फौजेचे कपडे शिवत मागून आलो. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ते मराठी पुण्याच्या माणसाने ऐकलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, तुम्ही नक्की कुठल्या? वाक्य मराठी, आणि त्यात दर चार शब्दांमागे एक कन्नड. 'थोडं' म्हणायला आमच्या तोंडात 'स्वल्प'च येतं.

या मराठीचा नोकरीत काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मग माझी बदली मारतहळ्ळीच्या बाजूला झाली. तिथे कंपन्यांमध्ये काम करणारी पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं-पोरी खच्चून भरलेली. कुणाचा मोबाइल हरवला, कुणाचं घरमालकाशी भांडण झालं, की हाक यायची, अक्का, तुमचं माणूस आलंय. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

पण काही फोन वेगळे असायचे. कुणीतरी आत कोंडून घेतलंय, कुणी ओरडतंय, कुणी गच्चीच्या कठड्यावर बसलंय. असा फोन आला की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. चोर असेल तर पकडायचा, मारामारी असेल तर सोडवायची. पण ज्याचं मन ठिकाणावर नाही त्याचं काय करायचं? आमच्याकडे काठी, जीप आणि एक वही. यातलं काय वापरायचं? एकदा अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. एक डॉक्टरबाई आल्या, फार चांगल्या बोलल्या. आवाज खाली ठेवा, घाई करू नका, खोटं वचन देऊ नका. जेवायला बिसिबेळे भात होता. भाताची चव माझ्या जास्त लक्षात राहिली.

केतकीकडे पहिल्यांदा गेले ते अशाच एका फोनमुळे. नागपूरची मुलगी, सत्तावीस वर्षांची, चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. घरूनच काम करायची. बरोबरची मैत्रीण लग्न होऊन गेली होती. चार दिवस तिने दार उघडलं नव्हतं. आत भिंतीवर काहीतरी आपटायची, आणि त्या सकाळी तिने बाल्कनीतून भांड्यांची झाकणं खाली फेकली. एक झाकण कुणाच्या गाडीवर पडलं. फोन आला तो त्या गाडीसाठी, तिच्यासाठी नव्हे.

साहेबांनी दार ठोकलं, हिंदीत बोलले, इंग्रजीत बोलले. दार काही उघडेना. मग मला एक युक्ती सुचली. हो, मलाच सुचली. शेजारणीची नाइटी मागून घेतली आणि खाकीवर चढवली. वर ओढणी. हातात एक रिकामी वाटी घेतली. बाकीच्यांना जिन्यात खाली उभं केलं आणि बेल वाजवली.

"कोण?"

"मी शेजारची गं बाळा. स्वल्प विरजण आहे का? दूध ऊन करून ठेवलंय."

आतून कुणीतरी हसलं. "स्वल्प?" मग म्हणाली, "थांबा काकू, देते."

फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग वरची कडी... खट्. मग खालची. दार उघडलं. केसांचा गुंता, पाय अनवाणी, डोळे असे की बघवेनात. माझी रिकामी वाटी तिने घेतलीच नाही. आपल्याच वाटीत दही घालून आणलं होतं, आणि ते सांडू नये म्हणून त्यावर बशी झाकली होती. घरातली सगळी झाकणं रस्त्यावर फेकली होती तिने. माझ्या विरजणावर मात्र बशी.

दारात आलेल्या बाईला आपल्याकडे विरजणाला नाही म्हणत नाहीत. कितीही भांडण असो, चमचाभर दही द्यायचंच. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते मागितलं. मी खोकले. खोकणं ही खूण ठरली होती. दोघे जिन्यातून धावत वर आले. पण मनगट कुणी धरलं माहीत आहे? मीच.

पुढचे दोन दिवस मी त्या मुलीबरोबर होते. पहिल्या रुग्णालयात पलंग नव्हता. दुसऱ्यात म्हणाले, नातेवाईक आणा, त्याशिवाय घेता येत नाही. नातेवाईक नागपुरात. पुन्हा स्टेशन, बाकावर बसवलं, पुन्हा जीप. ती ओरडली नाही, चावली नाही, पळाली नाही. फक्त माझा हात सोडेना. जीपमध्ये एकदा हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला विरजण खरंच हवं होतं का?"

मी म्हटलं, "हो गं."

"मग दूध नासेल ना आता," ती म्हणाली. तिला खरंच काळजी वाटली होती.

तिसऱ्या ठिकाणी घेतलं तिला. अकरा दिवसांनी गोळ्या देऊन घरी सोडलं. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. आई येऊन राहिली आणि वडिलांचं आजारपण म्हणून परत गेली. इकडे स्टेशनात माझं कौतुक चाललं होतं. कुणी दार उघडत नसेल तर अक्कांना वाटी घेऊन पाठवा, असा विनोदच झाला. मीही तो चारचौघांत रंगवून सांगायचे. नाइटीपर्यंत आले की लोक पोट धरून हसायचे.

केतकीला मी माझा नंबर दिला होता. तिने फोन केला. गोळ्यांनी गुंगी येते, कामात चुका होतात, डॉक्टरांना आधी भेटता येईल का, कुणाशी बोलून बघाल का, असं विचारत होती. मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं, बघते. आता 'बघते' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दुसरा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते, उचलला नाही. तिसरा आला तेव्हा घरात निवांत बसले होते. तोही उचलला नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर वैद्यही मी नव्हते. मी नुसती दार उघडायला लावणारी.

इथवर जे सांगितलं त्याची मला लाज वाटते. पण ही ती गोष्ट नाही. ती आता येते, आणि बघा, माझी मान पुन्हा दाराकडे वळतेय.

आमच्या मुलीचा, पल्लवीचा साखरपुडा होता त्या दिवशी. संध्याकाळी पाच वाजता, घराजवळच्याच एका छोट्या हॉलमध्ये. मुलाकडचे लोक हुबळीहून येणार होते. मी अर्ध्या दिवसाची रजा मागून ठेवली होती. बाराला निघायचं, वाटेत फुलं घ्यायची, घरी जाऊन साडी नेसायची. साडेदहाला फोन आला. जीपमध्ये बसल्यावर पत्ता कळला. लिफ्ट बंद होती. जिना चढताना मी मनात म्हणत होते, दुसरा मजला असू दे. तिसरा असू दे.

चौथाच होता.

आतून हुंदके येत होते, मध्येच काहीतरी फुटल्याचा आवाज. शेजारीण म्हणाली, दोन दिवस झाले. आता नवे साहेब होते, तरुण, स्वभावाने मऊ. म्हणाले, अक्का, मागे तुम्हीच उघडून घेतलं होतं ना? बोला तुम्ही.

मी काय केलं, सांगू? दाराला बाहेरचं बघायचं भिंग होतं. त्यात दिसणार नाही अशी मी बाजूला सरकले. आणि बोलले, पण कन्नडमध्ये. जाड, सरकारी आवाजात. "बागिलु तेगी अम्मा, पोलीस." दार उघडा, पोलीस. जो आवाज तिने कधी ऐकला नव्हता तो मी मुद्दाम काढला. तिने मला ओळखू नये म्हणून.

आतला हुंदका थांबला. पावलं दाराजवळ आली.

"काकू?"

मी भिंगापासून आणखी लांब सरकले.

"विरजणाच्या काकू, तुम्ही आहात का? तुम्ही असाल तर मी उघडते. बाकीच्यांना खाली पाठवा. फक्त तुम्ही या."

त्या जिन्यात आम्ही सात-आठ माणसं होतो. मराठी कळणारी मी एकटी. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "एन् हेळ्तिद्दाळे, अक्का?" काय म्हणतेय ती?

लाजेने गप्प बसले असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. एकदा फसवलेल्या मुलीला तोंड कसं दाखवू, म्हणून. ऐकायला बरं वाटतं ना? पण ते खरं नाही. तिथे उभी राहून मी हिशेब करत होते. मी 'हो' म्हटलं की ती उघडणार. उघडलं की माझा हात धरणार. आणि तो हात दोन दिवस सुटणार नाही. पहिलं रुग्णालय, दुसरं, नातेवाईक आणा, बाक, जीप. पाच वाजता माझ्या एकुलत्या एक मुलीचा साखरपुडा आणि आई कुठे, तर एका परक्या मुलीचा हात धरून व्हरांड्यात. फुलंही आणायची राहतील. हो, मला त्या वेळी फुलं आठवली.

"एनिल्ल सार," मी म्हटलं. काही नाही. "सुम्ने बडबड." उगीच बरळतेय.

किती सहज आलं तोंडून! अंगावर काटा नाही, घशात अडखळणं नाही. याचाच मला अजून धक्का बसतो. खोटं बोलताना माणसाला काहीतरी होतं असं मी इतकी वर्षं संशयितांच्या बाबतीत मानत आले. चेहरा बघत आले. मला काही म्हणजे काही झालं नाही. घाम आला होता, पण तो जिना चढल्याचा.

साहेब चांगले होते, घाईचे नव्हते. स्वल्प थांबू या, म्हणाले. दहा मिनिटं थांबले. रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, रोगी शांत झाला की बोलवा. साहेब हसले, हसू नव्हतंच ते. मग वॉचमनला पहार आणायला पाठवलं. त्या दहा मिनिटांत ती दारापाशीच होती. दोनदा म्हणाली, "काकू?" एकदा म्हणाली, "नुसतं हो म्हणा." मी समोरच्या घराची चपलांची मांडणी बघत होते. त्यात एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. ती चप्पल मला आजही कागदावर काढून दाखवता येईल.

पहार आली. दोन माणसांनी चौकटीच्या फटीत ती घातली आणि जोर दिला. दार आत गेलं. एक किंकाळी, एकच. आत गेलो तर ती दाराच्या मागेच, भिंतीशी खाली बसलेली. उजवा हात कडी आणि चौकटीच्या मध्ये सापडला होता. चार बोटं. मी त्यांचं वर्णन करणार नाही.

ती खालच्या कडीवर हात ठेवून उभी होती. वरची कडी काढलेली होती.

हे फक्त माझ्या लक्षात आलं. बाकीचे तिच्याकडे बघत होते आणि मी दाराकडे. वरची कडी नीट, सरळ काढलेली. मोडलेली नाही, वाकलेली नाही.

आणि आता जे खरं सांगायचंय ते. वरची कडी काढलेली मला नंतर दिसली, असं मी आत्ताच लिहिलं. पुसून टाकणार होते, पण राहू दे. मला ती नंतर दिसली नव्हती. मी ती ऐकली होती. वॉचमन पहार घेऊन जिना चढत होता, तेव्हाच. खट्. मागच्या वेळचाच आवाज, आधी वरची, मग खालची. मला तो क्रम पाठ होता, माझ्याएवढा कुणालाच नाही. कुणी 'हो' म्हटलेलं नसताना तिने निम्मं दार उघडलं होतं. एक शब्द पुरला असता. 'थांबा' एवढाच, आणि तोही कन्नडमध्ये चालला असता, मराठीचीसुद्धा गरज नव्हती.

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा.

तिला खाली नेताना मी जिन्याच्या वळणावर होते. चेहरा पांढरा पडला होता तिचा, पण डोळे उघडे. तिने मला बघितलं. "आहात की तुम्ही," एवढंच म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. हरवलेली वस्तू समोर दिसल्यावर म्हणतो, तसं. साहेबांनी विचारलं नाही काय म्हणाली ते, आणि मीही सांगितलं नाही.

हात चिरडला होता म्हणून रुग्णालयात पलंग लगेच मिळाला. कुणी म्हणालं नाही नातेवाईक आणा. मन मोडलं तेव्हा दोन दिवस हिंडवलं, हात मोडला तर अर्ध्या तासात आत. माझ्याऐवजी दुसरी कॉन्स्टेबल बरोबर गेली. पंचनामा, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात, माझं अक्षर चांगलं म्हणून मीच लिहिला. दोन्ही कड्या आतून लावलेल्या होत्या, वारंवार विनंती करूनही आतून प्रतिसाद मिळाला नाही. खाली साहेबांची सही, पंचांच्या सह्या. दीडला मी निघाले. फुलं मिळाली. पाच वाजता हॉलमध्ये होते. फोटोत मी छान दिसते, सगळे म्हणतात.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला जबाबासाठी रुग्णालयात पाठवलं. नागपूरहून आई आली होती. माझं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुम्हीच ना त्या? केतू फोनवर सांगायची, इथे एक काकू आहेत आपल्या. तुम्ही असतात ना त्या दिवशी, तर हे झालंच नसतं."

मी काय बोलले असेन?

"हो ना," मी म्हटलं. "मी रजेवर होते."

केतकी पलंगावर होती. डोळे मिटलेले, हाताला हे एवढं बँडेज. मला वाटलं झोपली आहे. मी बोलले आणि तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आता बोलेल, आता सांगेल. तिने काहीच सांगितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा डोळे मिटले. माझं खोटं तिने झाकलं. का, ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

निघताना आईने संत्रा बर्फीचा डबा हातात ठेवला. मुलीसाठी आणली होती, पण ती काही खात नाही, तुम्ही न्या, म्हणाल्या. घरी साखरपुड्याचे पाहुणे अजून होते. सगळ्यांना आवडली. मीही एक तुकडा खाल्ला.

त्या दोघी आता नागपुरात असतात. केतकी बरी आहे, गोळ्या चालू आहेत. बोटं मिटत नाहीत, डाव्या हाताने लिहायला शिकली. हे मला आईकडून कळतं. दर दिवाळीला त्यांचा फोन येतो, आणि तो मी लगेच उचलते. त्या माझी चौकशी करतात, पल्लवीची करतात, तिच्या बाळाची करतात. आणि ठेवताना दर वेळी न चुकता म्हणतात, त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हव्या होतात हो.

मी म्हणते, हो ना.